भिक्षेला पात्रता लागते काय?



आषाढी-कार्तिकीला चंद्रभागेत स्नान करून तुम्ही घाटाच्या पायऱ्या चढू लागलात, की दोन्ही बाजूंनी हात पुढे येतात. कुणापुढे जर्मनची ताटली असते, कुणी पदर पसरलेला असतो, कुणाच्या पायाला मळकी पट्टी गुंडाळलेली असते. तुमचा हात खिशाकडे जातो आणि तिथेच थबकतो. त्या पट्टीखाली खरोखर जखम आहे काय? हे दहा रुपये पोटात जातील की गुत्त्यावर? तेवढ्यात बरोबरचे कुणीतरी म्हणते, "काही देऊ नका हो, सगळी सोंगे आहेत." आपण पुढे जातो. दर्शनबारीत उभे राहिल्यावर मात्र मनाला थोडी रुखरुख लागून राहते.

कीर्तनाच्या सेवेत माझी चाळीसहून अधिक वर्षे गेली. या काळात हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितका क्वचितच दुसरा कोणता विचारला गेला असेल. "बुवा, मागणारा खोटा असेल तर देणाऱ्याला पुण्य लागते की पाप?" कीर्तनात याचे उत्तर द्यायला वेळ थोडा असतो. आज या पानांवर मोकळेपणाने बोलू. अभंगाचे निरूपण बाजूला ठेवतो. इतिहासात या प्रश्नाची उत्तरे कुणी कशी दिली आणि त्यांचे परिणाम काय झाले, एवढेच तुमच्यापुढे मांडतो.

आधी पूर्वपक्ष नीट ऐकून घेऊ. देऊ नये म्हणणारा काही दुष्ट नसतो. तो म्हणतो, सोंगे करणारे आहेतच. भगवे नेसून शकुन सांगत फिरणारे आहेत. परक्याचे मूल कडेवर घेऊन सिग्नलला उभे राहणारे आहेत. धडधाकट माणसाला फुकट मिळू लागले की त्याची कष्टाची सवय मोडते. तो शास्त्राचाही आधार देतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले, त्यात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र पाहायला सांगितले आहे आणि अपात्राला दिलेले दान तामस म्हटले आहे. मग भगवंतच पात्र पाहा म्हणतात, तर आपण डोळे मिटून का द्यावे?

हा पूर्वपक्ष वजनदार आहे, त्याला हसून उडवू नये. पण त्यात एक गफलत आहे. दक्षिणा, दान आणि भिक्षा हे तीन शब्द आपल्या बोलण्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. आपल्या पूर्वजांनी ते वेगळे ठेवले होते.

दक्षिणा विद्येला किंवा केलेल्या कर्माला असते, म्हणून तिथे परीक्षा योग्यच. पेशवाईतला दाखला पाहा. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावला श्रावणमासात विद्वानांना दक्षिणा देण्याची चाल सुरू केली, ती पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. भिंतीने वेढलेल्या त्या आवारात ब्राह्मणांना आत घेऊन दरवाजे बंद करीत आणि बाहेर सोडताना दक्षिणा देत, म्हणजे एकाने दोनदा घेऊ नये. मोठ्या विद्वानांची शास्त्र्यांपुढे परीक्षा होई आणि विद्या पाहून रक्कम ठरे. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने त्याच दक्षिणेच्या पैशांतून १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा काढली. पुढे १८४९ साली पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला की या पैशांतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. वाद पुष्कळ झाले, पण पैसा विद्येसाठी असल्याने पात्रता कशाची, हा वाद तिथे शोभणारा होता.

दान त्याहून मोठे. भूमी, गाय, घर, मोठी रक्कम. ते द्यायला सवड असते, निवड असते, म्हणून गीतेतला पात्रविचार तिथे चपखल बसतो. आणि गीतेतला तो श्लोक आपण अर्धाच सांगतो, हेही लक्षात घ्या. तामस दानाच्या लक्षणात अपात्राबरोबर आणखी दोन गोष्टी आहेत: सत्कार न करता दिलेले आणि तुच्छतेने दिलेले. तोंड वाकडे करून ताटलीत नाणे फेकले, तर समोरचा कितीही पात्र असो, दान तामसच झाले.

उरली भिक्षा. भिक्षा म्हणजे त्या क्षणाची भूक भागवण्यापुरते. तिथे शास्त्र पात्रता विचारीत नाही. पराशरस्मृतीत अतिथीबद्दल स्पष्ट सांगितले आहे की त्याला गोत्र विचारू नये, शाखा विचारू नये, अध्ययन किती झाले हेही विचारू नये. ज्या समाजात पावलोपावली गोत्र विचारले जाई, त्या समाजाच्या स्मृतीने जेवायला आलेल्याला मात्र गोत्र विचारू नका म्हणावे, ही साधी गोष्ट नाही. भुकेलेल्याची पात्रता त्याची भूकच असते.

मी आळंदीत वारकरी शिक्षण संस्थेत शिकलो. विष्णुबुवा जोगमहाराजांनी १९१७ साली स्थापन केलेली ही संस्था. त्या काळी आम्ही विद्यार्थी माधुकरी मागत असू. झोळी घेऊन दारात उभे राहायचे, देवाचे नाव घ्यायचे. आतून कुणी माउली येई, भाकरी आणि वर थोडे कालवण घाली. चार वर्षांत एकाही माउलीने "आज किती ओव्या पाठ केल्यास?" असे विचारले नाही. विचारले असते तर आमच्यापैकी कितीतरी पोरे उपाशी झोपली असती. त्या न विचारता मिळालेल्या भाकरीवर महाराष्ट्रातले कितीतरी कीर्तनकार उभे राहिले. पुण्यासारख्या शहरातही वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच शिकल्या.

आळंदीचे नाव निघाले म्हणून त्याच गावातली जुनी गोष्ट सांगतो. ती तुम्हाला ठाऊक आहे, पण या प्रश्नाच्या उजेडात तिच्याकडे कदाचित पाहिले नसेल. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही चार भावंडे भिक्षा मागून राहत होती. गावाने त्यांना काय म्हटले? संन्याशाची पोरे. म्हणजे अपात्र. पात्रतेचा दाखला, शुद्धिपत्र, आणायला या मुलांना पैठणापर्यंत पायी जावे लागले. परंपरा सांगते की एके दिवशी मुक्ताबाईला मांडे करायचे होते, तेव्हा विसोबा चाटी याने कुंभारांना ताकीद दिली की या पोरांना भाजायला खापरसुद्धा देऊ नका. पुढचा चमत्कार तुम्ही शेकडो वेळा ऐकला आहे. मी तुमचे लक्ष विसोबाकडे वेधतो. त्याच्या मते तो धर्मच राखत होता. अपात्राला दान देऊ नये, हेच तर तो म्हणत होता. आणि ज्यांना तो अपात्र म्हणत होता ते कोण होते, हे आज सांगायला नको. तोच विसोबा पुढे शरण आला, विसोबा खेचर झाला, नामदेवरायांचा गुरू झाला. पण अंगणात उभ्या असलेल्या माणसाची पात्रता आपल्याला ओळखता येते, या समजुतीवर आपल्या संप्रदायाच्या आरंभीच हा शिक्का बसला आहे, तो विसरू नका.

दुसरा दाखला मंगळवेढ्याचा. पंढरपुरापासून थोड्याच अंतरावर दामाजीपंतांचे मंदिर आहे. पंधराव्या शतकात बेदरच्या बादशहाच्या वतीने ते मंगळवेढ्याचा कारभार पाहत होते. दुष्काळ पडला. महिपतीबुवा ताहराबादकरांनी 'भक्तविजया'त कथा सांगितली आहे ती अशी: पंढरीचा एक ब्राह्मण त्यांच्याकडे जेवायला बसला आणि पहिला घास घेताना रडू लागला, कारण घरी बायकापोरे उपाशी होती. पंतांनी त्याच्या घरी धान्य पाठवले. बातमी पसरली. मग शेकडो लोक आले आणि पंतांनी सरकारी अंबारे मोकळी केली. जरा विचार करा. पहिला माणूस डोळ्यांत पाणी आणून आला, तेव्हा पंतांनी पंढरीला चौकशीसाठी जासूद पाठवला नाही. पुढे शेकडो आले, त्यांत दोनचार घरी धान्य असूनही आलेले नसतील काय? असणारच. दुष्काळ असो की सुकाळ, माणसे माणसांसारखीच वागतात. पण त्या दोनचारांना गाळत बसले असते, तर बाकीचे अंबारांच्या दाराशीच मेले असते. पुढे पांडुरंगाने विठू महार होऊन बेदरला धान्याची किंमत भरली, ही कथा आपण भक्तीने ऐकतो. तिचा व्यवहारी अर्थही आहे. देण्याने येणारी तूट देणाऱ्याने सोसायची असते, तिची भरपाई उपाशी माणसाकडून करून घ्यायची नसते.

तिसरे तुकोबाराय. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले, पहिली पत्नी आणि मुलगा गेले. पण मला आज सांगायचे आहे ते महिपतीबुवांनी दिलेल्या दोन प्रसंगांविषयी. व्यापार करून परत येताना एका ठकाने तुकोबांना सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कडी सोने म्हणून विकली. गावात हसे झाले. पुढे जिजाबाईंनी आपल्या हमीवर कर्ज काढून त्यांना पुन्हा भांडवल दिले. तुकोबांनी मीठ घेतले, विकले, नफा झाला. परतताना वाटेत एक ब्राह्मण भेटला, कर्जाने गांजलेला, लोकांपुढे हात पसरणारा. तुकोबांनी ती सगळी रक्कम त्याला देऊन टाकली आणि मोकळ्या हाताने घरी आले.

जिजाबाईंचा संताप आपण कीर्तनात रंगवून सांगतो आणि लोक हसतात. मला त्या माउलीची बाजू नेहमी खरी वाटत आली आहे. घर तिला चालवायचे होते आणि पैसा कर्जाचा होता. म्हणून सगळेच भांडवल वाटून टाका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. तो संतांचा अधिकार. पण एक गोष्ट आपल्या अधिकारातली आहे. फसवणारा ठक आणि मागणारा ब्राह्मण ही दोन माणसे वेगळी होती. पहिल्याने फसवले म्हणून दुसऱ्याला नाकारावे, असे तुकोबांना वाटले नाही. आपण नेमके उलटे करतो. एकदा एस.टी. स्टँडवर कुणी "पाकीट मारले, गावी जायला पैसे द्या" म्हणून फसवतो, आणि त्याचा दंड आपण पुढची वीस वर्षे भेटेल त्या गरजूकडून वसूल करतो.

आणि नाथबाबा! पैठणच्या टवाळांनी एका गरीब ब्राह्मणाला पैज लावली की एकनाथांना राग आणून दाखव, तुला पैसे देऊ. त्याला मुलाच्या मुंजीसाठी पैशांची गरज होती. तो नाथांच्या मांडीवर जाऊन बसला, जेवताना वाढायला वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर चढला. ना नाथ रागावले, ना गिरिजाबाई. शेवटी त्याने खरे सांगितले तेव्हा नाथ म्हणाले, आधी सांगितले असते तर मी रागावलो असतो, तुझे काम झाले असते. सोंग करून आलेल्या माणसामागेही खरी गरज असू शकते, हे या कथेत किती सहज येते! कपट खोटे होते, मुंजीची अडचण खरी होती. घाटावरच्या त्या पट्टीखाली जखम नसेलही, पण निरोगी पायाला मळकी पट्टी बांधून दिवसभर उन्हात बसायला कुणी हौसेने तयार होतो काय?

तुम्ही म्हणाल, बुवा, ही संतचरित्रे झाली. ती श्रद्धेने वाचायची, व्यवहाराचा हिशेब त्यांवर कसा मांडायचा? तर मग आता सरकारी दप्तरातला इतिहास पाहू. फसवणूक होऊ नये म्हणून आधी परीक्षा घ्यायची आणि मगच द्यायचे, हा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. त्याचे फळ आपल्या खापरपणज्यांनी भोगले.

१८७६ साली दख्खनचा पाऊस गेला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर, बेळगाव, धारवाड या भागांत पीक बुडाले. इकडे गुरे आणि माणसे मरत असताना १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत मोठा दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दुष्काळाचा बंदोबस्त पाहायला सर रिचर्ड टेंपल याला पाठवले.

या टेंपलची मागची हकीगत ऐकण्यासारखी आहे. तीनच वर्षांपूर्वी, १८७३-७४ मध्ये, बिहारमध्ये दुष्काळ पडला होता. तेव्हा याच टेंपलने ब्रह्मदेशातून जहाजे भरभरून तांदूळ आणवला आणि हात सैल ठेवून वाटला. भुकेने माणसे जवळजवळ मेलीच नाहीत. त्याला शाबासकी मिळायला हवी होती, पण झाली टीका. इतका खर्च? ज्यांना गरज नव्हती त्यांनीही खाल्ले! लोक ऐदी होतील! ती टीका त्याच्या जिव्हारी लागली असावी, कारण दख्खनेत तो आला तो अगदी उलट धोरण घेऊन. आता एकही अपात्र माणूस सरकारी अन्न खाता कामा नये.

त्यासाठी दोन कसोट्या लावल्या. पहिली अंतराची. घराजवळच्या कामावर कुणीही येईल, म्हणून काम दूर ठेवायचे. दहा मैल, कधी त्याहूनही लांब. खरोखर उपाशी असेल तोच घर सोडून चालत येईल, असा तर्क. दुसरी मजुरीची. मजुरी इतकी कमी ठेवायची की गरज नसलेल्याला मोह होऊ नये. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, आणि वर नाममात्र पैसा. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच बजावले की एवढ्या धान्यावर कष्ट करणारे शरीर टिकणार नाही.

माउली, ही कसोटी किती तर्कशुद्ध वाटते पाहा. आणि ती कुणाला गाळते तेही पाहा. धडधाकट लबाड माणूस दहा मैल आरामात चालतो. चालू शकत नाही तो खरा उपाशी, म्हातारा, बाळंतीण, तापाने फणफणलेला. कसोटी जितकी कडक केली, तितका खरा गरजू आधी गळला. वाटेवरच माणसे पडली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि कामे सोडून ते निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे आपले सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ ला जुन्नर भागातून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या दुष्काळाचे विदारक वर्णन आहे. सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी बालाश्रम काढला. आश्रमात आलेल्या मुलाला अन्न मिळण्यासाठी दहा मैल चालून दाखवावे लागत नव्हते.

१८७८ पर्यंत चाललेल्या त्या दुष्काळात दख्खन आणि दक्षिणेत मिळून पन्नास लाखांच्या वर माणसे गेली, असा सरकारी चौकशीचाच अंदाज आहे. दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० साली आला, त्यानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. माणसाचे शरीर टिकेल एवढे तरी दिले पाहिजे आणि जे काम करूच शकत नाहीत त्यांना गावातच फुकट अन्न दिले पाहिजे, ही गोष्ट इतके जीव गेल्यावर सरकारी कागदावर आली.

दोन दुष्काळ शेजारी ठेवा. बिहारमध्ये फसण्याची तयारी ठेवली, पैसा वाया गेला, माणसे वाचली. दख्खनेत फसायचे नाही असे ठरवले, पैसा वाचला, माणसे गेली. आणि देणारा अधिकारी दोन्हीकडे एकच होता. "फुकट दिले की सवय लागते" हे वाक्य आज आपल्या तोंडी सहज येते. ते वाक्य तेव्हाच्या साहेबांच्या तोंडी होते, आणि त्याची किंमत आपल्या गावांनी भरली.

याच भूमीतला तिसरा दुष्काळ मी स्वतः पाहिला. १९७२ साली मी विशीत होतो. रस्त्यांवर, पाझर तलावांवर माणसांच्या रांगा लागलेल्या असत. बायका खडी फोडत, पोरे सुकडी खात, रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो मिळे. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. परीक्षा तिथेही होती, कष्टाची. पण काम शक्यतो गावाच्या आवाक्यात होते, आणि जो हात पुढे करील त्याला काम द्यायचे असे धोरण होते. हजेरीपटात खोटी नावे घालणारे मुकादम मी पाहिले. काही ठिकाणी पैसा खाल्ला गेला, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. तरी कामे बंद झाली नाहीत, आणि १८७७ सारखा हाहाकार महाराष्ट्रात पुन्हा झाला नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी पुढे कायद्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मुकादमाची लबाडी हा मुकादमाला पकडण्याचा विषय आहे, खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी थांबवण्याचा नव्हे. एवढा विवेक ठेवला, म्हणून माणसे जगली.

आता मागणाऱ्यालाच गुन्हेगार मानणाऱ्या कायद्याबद्दल थोडक्यात. १९५९ चा मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्यात सार्वजनिक जागी भीक मागणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबून ठेवता येते. भीक मागण्याच्या व्याख्येत गाऊन, नाचून, भविष्य सांगून मागणेही येते. म्हणजे वासुदेव, पोतराज, गोंधळी, जोशी, ज्यांची रूपके घेऊन नाथबाबांनी भारुडे रचली, ते सगळे त्या व्याख्येत बसतात. हाच कायदा दिल्लीला लागू केलेला होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे तिथल्यापुरती रद्द केली. गरिबी हा गुन्हा होऊ शकत नाही, एवढे कळायला आपल्याला साठ वर्षे लागली.

शेवटचा दाखला गाडगेबाबांचा, कारण देऊ नये म्हणणारे त्यांचेच नाव घेतात. बाबांचा जन्म फेब्रुवारी १८७६ चा, ज्या वर्षी पाऊस गेला त्याच वर्षाचा. बाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडत आणि मगच भाकरी घेत. "बघा, बाबा फुकट खात नव्हते," असे लोक म्हणतात. खरे आहे. पण तो नियम बाबांनी स्वतःला लावला होता. दारात आलेल्या आंधळ्या-पांगळ्याच्या हातात त्यांनी खराटा दिला नाही. त्यांनी पंढरपुरात, नाशकात आणि इतरत्र धर्मशाळा बांधल्या, सदावर्ते चालवली. त्यांच्या दशसूत्रीत पहिली गोष्ट भुकेल्याला अन्न ही आहे, मग तहानेल्याला पाणी, मग उघड्याला वस्त्र. भुकेल्यापुढे "खऱ्या" हे विशेषण त्यात नाही. शिवाय बाबा हातात मडके घेऊन, चिंध्यांची गोधडी पांघरून फिरत. तसा माणूस आज तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी आला, तर रखवालदार त्याला पात्र ठरवील काय?

आता तुम्ही विचाराल, मग करायचे काय? इतिहासातून मला जे दिसले ते सांगतो.

मोठे दान द्याल तिथे सगळी परीक्षा घ्या. मठ असो, संस्था असो, आमच्यासारखा कीर्तनकार असो, हिशेब मागा. संकोच करू नका. आपली गंमत अशी की लाखाची देणगी आपण पावतीवरचा देवाचा फोटो पाहून देतो आणि दहा रुपयांसाठी भिकाऱ्याची उलटतपासणी घेतो. हे उलटे करा.

भिक्षेला मात्र परीक्षा नको. महिन्याला झेपेल अशी छोटी रक्कम आधीच बाजूला काढा आणि ती फसण्यासाठीच आहे असे समजा. आपल्या आज्या पिठाच्या डब्याशेजारी भिक्षेची मूठ वेगळी काढून ठेवत, ती हीच युक्ती. एकदा बाजूला काढले की ते आपले राहत नाही, मग त्याच्याबरोबर कुणी आपल्याला फसवूही शकत नाही.

पैशाऐवजी अन्न देता आले तर उत्तमच. पण गोळी-औषध, बसभाडे, लुगडे यांना पैसाच लागतो, हेही ध्यानात ठेवा. मूल पुढे करून कुणी मागत असेल तर मोठ्या माणसाच्या हातात पैसे देऊ नका. मुलाला समोर बसवून खाऊ घाला आणि १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करा. तिथे न देण्यातच त्या मुलाचे हित आहे. तो विवेक म्हणजे कंजुषी नव्हे.

आणि कधी देणे जमले नाही, तर हात जोडा आणि बोलून नाही म्हणा. जुन्या घरांतून "नाही" हा शब्दसुद्धा उच्चारत नसत, "पुढच्या घरी पाहा बाबा" म्हणत. मागणाऱ्याला आपण दोन प्रकारे रिकामे पाठवू शकतो, एक पैशाने आणि एक मानाने. पैशाने रिकामे पाठवणे कधी नाइलाजाचे असते, मानाने रिकामे पाठवायला कोणताच नाइलाज नसतो.

शेवटी हिशेबाचीच भाषा बोलतो, कारण प्रश्न हिशेबातूनच आला आहे. लबाडाला दिले तर तुमचे दहा रुपये जातात. खऱ्याला नाकारले तर त्याची रात्र जाते, आणि १८७७ सारखे साल असेल तर जीव जातो. ही दोन नुकसाने एका तागडीत घालून पाहा. वारीत गावोगावी आपल्या पंगती बसतात. वाढणारा कुणाला "माळ दाखव" म्हणत नाही, हौशेने आलेला कोण आणि निष्ठेने आलेला कोण हे पाहत नाही, भाकरी आणि पिठले समान पडते. वीस दिवस आपण सगळेच दुसऱ्याच्या अंगणात न तपासता वाढलेले जेवतो. त्या अन्नाचे ऋण फेडायचे तर ते न तपासताच फेडावे लागेल.

रामकृष्णहरी.